वाचनकट्ट्यासाठी वेगळी फँटसी सुचवा. निवेदक मात्र मनात घर करून राहणारा हवा

विश्रामबागवाली

नमस्कार मंडळी,

सांगलीत विश्रामबागेत आमचा छोटा वाचनकट्टा आहे. महिन्याला एक पुस्तक सगळ्यांनी वाचायचं आणि शेवटच्या रविवारी पोहे-चहाबरोबर त्यावर मनसोक्त भांडायचं. निवृत्त शिक्षिका आहेत, बँकेतले आहेत, एक हळदीचे व्यापारी आहेत, इंजिनिअरिंगची दोन पोरं आहेत. आत्मचरित्रं झाली, ग्रामीण कादंबऱ्या झाल्या, प्रवासवर्णनं झाली. फँटसीला आजवर कुणी हात लावला नाही. या वेळी पुस्तक ठरवायची पाळी माझी आहे आणि मी फँटसीच नेणार आहे.

कट्ट्याच्या अटी: ड्रॅगन आणि लढाया नकोत. सात-आठ खंडांची मालिका नको. सुरुवातीला नकाशा आणि शेवटी वंशावळ असलं काही नको. इंग्रजी चालेल, पण शब्दकोश मांडीवर घेऊन बसावं लागू नये. तीनशे पानांच्या आत असेल तर उत्तम.

माझी स्वतःची अट एकच, आणि ती सगळ्यात महत्त्वाची. गोष्ट सांगणारा लक्षात राहिला पाहिजे. खांडेकर आपल्या सांगलीचेच. त्यांची 'ययाती' शाळेत असताना वाचली. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापल्या तोंडानं सांगतात. ययातीची चीड आली, तरी त्याचा आवाज अजून कानातून गेलेला नाही. 'मृत्युंजय'मधल्या कर्णाचं तेच. फँटसीत असा सांगणारा कुणाला भेटलाय का?

कराडचा_वाचनवेडा

ताई, 'द नेम ऑफ द विंड', पॅट्रिक रॉथफस. क्वोथ नावाचा माणूस खानावळ चालवत लपून राहिलाय आणि एका बखरकाराला स्वतःची कहाणी तीन दिवसांत सांगायचं कबूल करतो. एक दिवस म्हणजे एक पुस्तक. बढाईखोर आहे, हुशार आहे, आणि बढाईमागं काय लपवतोय ते हळूहळू उमगतं. निवेदक म्हणून एक नंबर.

फलटणकर

वाचनवेडे, पहिला दिवस २००७ ला आला, दुसरा २०११ ला, तिसरा अजून उजाडायचाय. कट्ट्याला अर्धवट गोष्ट देऊ नका. शिवाय दुसरं पुस्तक हजार पानांच्या आसपास आहे.

कराडचा_वाचनवेडा

पहिलं एकटं वाचलं तरी पोट भरतं हो. पण तीनशे पानांची अट आहे हे खरं. मागे घेतो.

शाहूपुरी_सातारा

ओऱ्हान पामुक यांचं 'माय नेम इज रेड'. मूळ तुर्की, १९९८ चं. पहिलं प्रकरण विहिरीत पडलेलं प्रेत सांगतं. पुढं कुत्रा बोलतो, झाड बोलतं, सोन्याचं नाणं बोलतं, खुद्द लाल रंग बोलतो. १५९१ च्या इस्तंबूलमधले लघुचित्रकार, त्यांच्यातला एक खुनी, आणि खुनीसुद्धा मधून मधून आपल्याशी बोलतो, पण नाव सांगत नाही. एकच निवेदक लक्षात राहील असं नाही, सगळेच राहतात.

विश्रामबागवाली

शाहूपुरी, हे ऐकूनच वाचावंसं वाटतंय. पण पानं चारशेच्या वर दिसतात, आणि ही फँटसी म्हणायची की ऐतिहासिक रहस्यकथा? माझ्या स्वतःच्या यादीत टाकते. कट्ट्यासाठी शोध चालू.

वेताळाचा_झाड

निवेदक म्हणजे वेताळ. राजाच्या पाठीवर बसून गोष्ट सांगतो, शेवटी प्रश्न विचारतो, उत्तर माहीत असून दिलं नाहीस तर डोक्याची शंभर शकलं होतील म्हणतो, आणि उत्तर दिलं की परत झाडावर. आपल्याकडं हे असताना बाहेर कशाला जायचं?

अनुजा_मिरज

वेताळ थोरच. पण वेताळपंचविशी कट्ट्यात सगळ्यांनी लहानपणीच वाचली असणार, महिनाभर वाचायचं काय?

कृष्णाकाठ

ताई, तुमच्या सगळ्या अटींत बसणारं पुस्तक आहे. 'पिरानेसी', लेखिका सुझॅना क्लार्क. २०२० ला आलं, २०२१ चं विमेन्स प्राइझ फॉर फिक्शन त्याला मिळालं. अडीचशेच्या आसपास पानं, एकच खंड, तलवार नाही, नकाशा नाही.

एक माणूस एका घरात राहतो. घर म्हणजे दालनामागून दालन, अंत नाही. प्रत्येक दालनाच्या भिंतींना लागून संगमरवरी पुतळे. खालच्या मजल्यात समुद्र आहे, वरच्या मजल्यात ढग, आणि मधल्या मजल्यावर हा आणि पक्षी. मासे पकडतो, शिंपले गोळा करतो, समुद्रशेवाळ वाळवून जाळतो. त्याच्या हिशोबानं जगात आजवर पंधरा माणसं झाली. तेरा मेलेली, त्यांची हाडं घरात ठिकठिकाणी आहेत. एक हा. आणि एक 'दुसरा', जो मंगळवारी आणि शुक्रवारी याला भेटायला येतो, अंगावर झकास कपडे आणि हातात चकाकणारं यंत्र घेऊन. पुस्तक म्हणजे या माणसाची रोजनिशी. याहून जास्त सांगणार नाही.

आता सांगलीकरांनी हे का वाचावं ते सांगतो. या घरात भरत्या येतात. वेगवेगळ्या दिशांनी येतात आणि दोन-तीन एकाच वेळी येऊन मिळाल्या की पाणी मधल्या मजल्यावर चढतं. हा माणूस त्यांची कोष्टकं ठेवतो. कुठली भरती कधी, कुठल्या दालनात, किती उंच, हे आधी मांडून काढतो. पहिलीच नोंद तीन भरत्या एकत्र येण्याची आहे.

कोयनेतून किती क्युसेक सोडलं, कराडच्या संगमावर काय परिस्थिती, आयर्विन पुलाला ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे आपल्याकडं शाळकरी पोरांनाही पाठ असतं. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आम्ही गावभागात होतो. वडील जिन्याच्या भिंतीवर पेन्सिलीनं पाण्याची रेघ मारून शेजारी वेळ लिहायचे. दोन रेघांतलं अंतर बोटांनी मोजायचे आणि आईला सांगायचे, अजून चार पायऱ्या आहेत, पहिला मजला गाठायला इतके तास लागतील. आम्ही भावंडं पुस्तकांची खोकी वर नेत होतो. भिंतीला पुन्हा रंग दिला तेव्हा तेवढा पट्टा वडिलांनी तसाच ठेवायला लावला.

त्या माणसाच्या वहीत मला हीच शिस्त दिसली. फरक इतकाच की पाण्याबद्दल त्याच्या मनात वैर नाही. घर आपल्याला सांभाळतं, हवं ते पुरवतं, असा त्याचा पक्का विश्वास आहे, आणि तो विश्वास आंधळा नाही कारण तो स्वतः हिशोब करतो. पूर पाहिलेल्या माणसाला हा निवेदक फार आतून समजतो, असं मला ठाम वाटतं.

तासगावचा_बेदाणा

मी पन्नासेक पानं वाचून सोडलं. कृष्णाकाठ, तुमचं लिहिणं आवडलं, पुस्तक नाही आवडलं. अमुक क्रमांकाचं पश्चिमेचं दालन, तमुक क्रमांकाचं उत्तरेचं दालन, लक्षात काय ठेवायचं? आणि निवेदक भाबडा. 'दुसरा' याला वापरून घेतोय हे वाचकाला पहिल्या भेटीतच कळतं. याला काही केल्या कळत नाही. ज्याला आपल्याहून कमी कळतं अशा माणसाच्या मागं मी पानंच्या पानं का चालावं? 'बनगरवाडी'तला मास्तर बघा. नवखा आहे, पोरगेला आहे, पण डोळे उघडे आहेत. माणूस बघून ओळखतो. माडगूळकरांनी वाचकाला कधी निवेदकाच्या डोक्यावर बसवलं नाही.

अनुजा_मिरज

बेदाणा, 'बनगरवाडी'बद्दल शंभर टक्के सहमत. पण भाबडा म्हणालात तिथं अडते.

हा माणूस वह्यांना क्रमांक देतो, त्यांची विषयवार सूची करतो, आठवत नसेल तर सूचीतून जुनी नोंद काढून ताडून बघतो. स्वतःला शास्त्रज्ञ समजतो आणि वागतोही तसाच. त्याच्याकडं जितका पुरावा आहे तितक्यातून निघणारा निष्कर्ष तो बरोबर काढतो. पुरावाच त्याच्यापासून लपवलेला आहे. यात बुद्धीची कमतरता कुठं आली?

आणि 'दुसऱ्या'चं खरं रूप वाचकाला आधी कळावं अशीच मांडणी आहे. मी पुढं वाचत गेले ते 'याला कळलं की याचं काय होणार' या काळजीनं. शेवटाकडं तर मी पुस्तक मिटून ठेवलं होतं, कारण याला कळू नये असं वाटायला लागलं. रहस्यकथेत असं मला कधी झालं नव्हतं.

वाईकर

नावाबद्दल थोडी भर. पिरानेसी हा खरा माणूस होता. जोव्हान्नी बात्तिस्ता पिरानेसी, १७२० ते १७७८, इटलीतला कलावंत. धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेली त्याची रोमची चित्रं त्या काळात युरोपभर गेली. पण आज जास्त आठवली जाते ती त्याची काल्पनिक तुरुंगांची मालिका. प्रचंड कमानी, कुठंच न पोचणारे जिने, लोंबणारे दोर, आणि तळाशी मुंगीएवढी माणसं. कादंबरीतल्या माणसाला हे नाव 'दुसऱ्या'नं ठेवलेलं आहे, आणि माणूस सुरुवातीलाच नोंदवतो की आपल्या आठवणीप्रमाणं हे आपलं नाव नव्हे. तुरुंग रेखाटणाऱ्याचं नाव 'दुसरा' याला का देतो, हे त्या चित्रांसमोर बसून विचार केला की अंगावर येतं. कट्ट्याला जाताना ती चित्रं मोबाईलवर जरूर दाखवा.

फलटणकर

वाईकर, हे माहीत नव्हतं. आत्ता चित्रं काढून बघितली. झोप उडाली.

आटपाडीकर

पिरानेसीला माझा विरोध नाही. पण ताईंची अट 'लक्षात राहणारा निवेदक' अशी असेल तर ॲन लेकी यांची 'द रेव्हन टॉवर' राहून जाता कामा नये. २०१९ ची कादंबरी. निवेदक एक देव आहे. देव म्हणजे टेकडीवरचा मोठा धोंडा.

मी बिरोबा, म्हसोबा, सिद्धनाथाच्या मुलखातला. आरेवाडीच्या बनात लहानपणापासून जातोय. शेंदूर लावलेल्या दगडापुढं म्हाताऱ्या बाया घरातल्या माणसाशी बोलावं तशा बोलतात, सुनेची तक्रार सांगतात, पावसाचं विचारतात. दगड ऐकतो असं धरूनच आपण मोठे झालो. या पुस्तकात दगड बोलतो. माणसं येण्याच्याही आधीपासून तो आहे. तो समुद्राच्या तळाशी होता तेव्हाचे प्राणी त्याला आठवतात. मग माणसं येतात, पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याशी बोलून त्याला भाषा शिकवतात, तेव्हा कुठं तो बोलता होतो.

आणि या जगाचा नियम बघा. देव जे बोलेल ते खरं होतं. पण ते खरं करायची ताकद त्याच्यात नसेल तर बोललेलं वाक्यच त्याचा जीव घेतं. त्यामुळं देव जपून बोलतात. गोष्ट सांगायची झाली तर 'मी अशी एक गोष्ट ऐकली आहे' असं म्हणून सुरू करतात, म्हणजे वाक्य खोटं ठरत नाही. ज्याला एक चुकीचं वाक्य परवडत नाही असा निवेदक तुम्ही दुसरीकडं कुठं वाचलाय? प्रत्येक वाक्य मी थांबून वाचलं. हा असं का म्हणाला, नक्की काय टाळलं, हे शोधत गेलो.

तासगावचा_बेदाणा

हे मात्र वाचावंसं वाटतंय. ज्याला सगळं माहीत आहे आणि जो तोलून मापून सांगतो, असा निवेदक मला चालतो.

शाहूपुरी_सातारा

मी वाचलीये. चांगली आहे, पण दोन गोष्टी आधी सांगायला हव्यात. एक म्हणजे अर्ध्या पुस्तकात देव इओलो नावाच्या एका तरुण शिपायाला उद्देशून बोलतो. 'तू पायऱ्या चढलास, तू दाराशी थांबलास' असं. इओलोला ते ऐकू येतंय की नाही हेच कळत नाही. काहींना याचा थकवा येतो. दुसरं म्हणजे उरलेल्या भागात देव बराच काळ टेकडीवर नुसता असतो. वर्षं जातात, शतकं जातात. मला ते आवडलं, पण कट्ट्यातली इंजिनिअरिंगची पोरं तिथवर टिकतील का?

इंजि_वालचंद

शाहूपुरी ताई, पोरांना कमी समजू नका. आम्ही चार वर्षं प्रत्येक तासाला नुसते असतोच की.

मीच तो कट्ट्यातला एक. रेव्हन टॉवरमध्ये राजपुत्र परत येतो, बाप गायब, चुलता गादीवर, असं आहे ना? म्हणजे हॅम्लेट झालं की.

आटपाडीकर

सांगाडा तसा आहे, आणि तो ओळखू यावा अशीच लेखिकेची इच्छा दिसते. पण हॅम्लेटची गोष्ट जर वाड्याखालच्या दगडानं सांगितली तर काय होईल, हे बघायला वाच. राजपुत्राच्या दुःखाला दगडाच्या लेखी किती किंमत, तिथं खरी मजा आहे.

विट्याची_लेक

उशिरा येतेय, पण पिरानेसीबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझी आजी ८१ वर्षांची. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, वाचायला बंदी, आणि तिला रोज रात्री काहीतरी ऐकायला लागतं. मी तेव्हा पिरानेसी वाचत होते. म्हटलं बघू, इंग्रजीतून बघत मराठीत सांगत गेले. तिला फँटसी वगैरे काही ठाऊक नाही. तिनं पहिला प्रश्न विचारला, "एकटाच राहतोय, तर सैपाकाला मीठ कुठनं आणतो?" मी म्हटलं, समुद्र आहे आजी. "मग ठीकाय."

तो माणूस त्या तेरा जणांच्या हाडांची काळजी घेतो. त्यांना अन्नपाणी नेऊन ठेवतो, कमळं वाहतो, त्यांच्याशी बोलतो. ते कोण होते हे त्याला माहीत नाही, त्यानं आपल्या सोयीनं नावं ठेवलीत. मी हे सांगितल्यावर आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ज्यांचं कुणी नाही त्यांचं पण पान वाढतोय की हा. सर्वपित्रीला आपण पण वाढतो." दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू आल्या तर तिनं त्यांना सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली, आणि त्या माणसाचा उल्लेख 'आपला तो' असा केला.

आणि अल्बाट्रॉसचा प्रसंग. एक मोठा समुद्रपक्षी येतो, त्याची जोडीदारीण येते, त्यांना घरटं बांधायचंय आणि सामान मिळत नाहीये. याच्याकडं वाळवलेलं शेवाळ आहे, थंडीत जाळायला जपून ठेवलेलं. तो हिशोब करतो. इतकं दिलं तर इतके दिवस गारठावं लागेल. आणि देऊन टाकतो. ते वर्षच तो त्या पक्ष्याच्या नावानं ओळखतो. अल्बाट्रॉस नैर्ऋत्येच्या दालनांत आला ते वर्ष. नोंदींच्या तारखा तशाच आहेत.

बेदाणा दादा, तुम्हाला तो भाबडा वाटला. मला वाटतं चांगला माणूस लिहिणं सगळ्यात अवघड असतं. दुष्ट, कडवट, चलाख निवेदक पुष्कळ सापडतात. चांगुलपणा कंटाळवाणा न होता अडीचशे पानं बोलत राहतो, हे मी फार कमी वेळा वाचलंय.

कृष्णाकाठ

विट्याच्या ताई, आजींना नमस्कार सांगा. 'आपला तो' वाचून डोळ्यात पाणी आलं.

तासगावचा_बेदाणा

ताई, आजींपुढं मी बोलणार नाही. पण माझा मुद्दा अजून उभा आहे. चांगुलपणा जर फक्त माहिती नसल्यामुळं टिकत असेल, तर त्याला चांगुलपणा म्हणायचं का? लहान मूलही चांगलं असतं. मोठ्या माणसाला सगळं कळल्यावर तो कसा वागतो ते महत्त्वाचं.

अनुजा_मिरज

बेदाणा, तुम्ही जो प्रश्न विचारलाय तोच प्रश्न पुस्तकाचा उत्तरार्ध विचारतो. तुम्ही पन्नासाव्या पानावर उठलात.

साताऱ्याचा_कंदी

होय, कारण पुढं त्याला कळतं की तो मुळात [मजकूर काढला आहे. धाग्याच्या मूळ लेखिकेची विनंती आहे की पुस्तक कट्ट्यात वाचायचं असल्यानं उत्तरार्धातलं काही उघड करू नये. – संपादक]

साताऱ्याचा_कंदी

बरं बरं. मग न फोडता एवढंच सांगतो. याच लेखिकेचं पहिलं पुस्तक 'जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल' २००४ चं. ते उशीएवढं आहे आणि तळटीपांनी भरलेलं. मध्ये कथासंग्रह आला, पण दुसरी कादंबरी यायला सोळा वर्षं गेली, आणि त्यातला मोठा काळ लेखिका दीर्घ आजारानं घरातच होती. हे कळल्यावर मी पिरानेसी दुसऱ्यांदा वाचलं. चार भिंतींत राहावं लागणारा माणूस त्या भिंतींना तुरुंग न म्हणता विश्व म्हणतो, हे तेव्हा वेगळंच वाचलं गेलं.

वाईकर

कंदी, हा मुद्दा मोलाचा. माझ्या बहिणीला मणक्याच्या दुखण्यानं बरेच महिने अंथरुणावर काढावे लागले. ती खिडकीतल्या चिमण्यांची वही ठेवायची. कुठली कधी आली, काडी घेऊन कुठं गेली. आम्हाला तेव्हा तिची कीव यायची. तिला स्वतःला तसं वाटत नव्हतं, ती कामात असायची.

फलटणकर

विषयांतर: ही पुस्तकं भिलारला मिळतील का? स्ट्रॉबेरी आणायला जातोच आहोत.

वाईकर

फलटणकर, भिलारचं पुस्तकांचं गाव २०१७ पासून आहे, घरांघरांत विषयवार मांडणी, बसून निवांत वाचा. पण तिथला भर मराठी पुस्तकांवर. यासाठी दुकानातून मागवावी लागतील. जाताय तर मुलांना जरूर न्या, एकेक घर म्हणजे एकेक विषय, पोरं रमतात.

इंजि_वालचंद

आमच्यातल्या एका काकांना डोळ्यांमुळं वाचायला त्रास होतो. ऑडिओ आहे का?

शाहूपुरी_सातारा

पिरानेसीचं ऑडिओबुक आहे, चिवेटेल इजिओफोर या अभिनेत्यानं वाचलंय. रोजनिशी असल्यामुळं ऐकायला फारच छान. एकच माणूस, एकच आवाज, शांतपणे आपल्या दिवसाची हकिकत सांगतोय.

विश्रामबागवाली

मंडळी, दोन दिवस कामात होते, आत्ता सगळं एका बैठकीत वाचलं. एवढं भरभरून लिहिलंत.

पिरानेसीचा नमुना आल्याबरोबर वाचला. पहिली पाचेक पानं दालनांच्या क्रमांकांनी गोंधळले, बेदाणांचं म्हणणं पटलं होतं. मग लक्षात आलं की ते क्रमांक मी लक्षात ठेवायची गरज नाही, ते *त्याला* माहीत आहेत हे मला कळलं की पुरे. नवीन गावात कुणी पत्ता सांगावा तसं ऐकत गेले आणि वाचन सुरळीत झालं. इंग्रजी सोपं आहे. घर, भरती, पुतळा असे शब्द तो मोठ्या अक्षरानं सुरू करतो, आपण देवाचं नाव घ्यावं तसं. त्यातूनच त्याचा स्वभाव कळतो.

कट्ट्यासाठी पिरानेसी पक्कं. रेव्हन टॉवर पुढच्या वेळी माझी पाळी येईल तेव्हा, कारण आटपाडीकरांचा तो धोंडा डोक्यातून जात नाहीये. दोन्ही शेजारी ठेवून वाचायला हवीत असं आता वाटतंय. एकाला फार थोडं माहीत आहे आणि तो मोकळेपणानं सगळं सांगतो, दुसऱ्याला फार माहीत आहे आणि तो शब्द मोजून देतो. तरी दोघांवरही विश्वास बसतो. 'ययाती'त नेमकं उलटं होतं. तिथं प्रत्येक जण स्वतःची बाजू सावरत बोलतो आणि आपण प्रत्येकावर थोडा संशय घेत वाचतो. कट्ट्यात हा विषय काढणार आहे.

एक अडचण. सगळ्यांना आधी किती सांगू? हळदवाले काका 'गोष्ट कशाबद्दल आहे' हे कळल्याशिवाय पुस्तक उघडत नाहीत.

कृष्णाकाठ

काकांना सांगा, पाण्याचा हिशोब ठेवणाऱ्या माणसाची वही आहे. सांगलीत एवढं पुरेसं आहे.

अनुजा_मिरज

आणि सगळ्यांना सांगा की पुस्तकावरची परीक्षणं वाचू नका, शेवटचं पान चाळू नका. सोळावा माणूस येईपर्यंत तरी धीर धरा. तिथून पुढं कुणाला थांबवावं लागत नाही.

आटपाडीकर

ताई, रेव्हन टॉवर ठरलं की कळवा. बैठक आरेवाडीच्या बनात घेऊ. जेवणाची सोय माझ्याकडं.

इंजि_वालचंद

ठरलं!! मी गाडी काढतो.

तासगावचा_बेदाणा

पिरानेसीच्या बैठकीला बाहेरच्यांना परवानगी आहे का? पूर्ण वाचून येतो. मत बदलेलच असं धरून चालू नका. चांगुलपणाच्या मुद्द्यावर मला अनुजाताई आणि विट्याच्या ताई दोघींशी समोरासमोर बोलायचंय.

विश्रामबागवाली

बेदाणा दादा, जरूर या, असं भांडणारं माणूस आम्हाला हवंच आहे. गणपती झाल्यावरचा शेवटचा रविवार, सकाळी दहा. पत्ता निरोपात पाठवते. विट्याच्या ताई, आजींना प्रवास झेपणार असेल तर त्यांनाही आणा. बसायला खुर्ची आणि बिनसाखरेचा चहा, दोन्हीची व्यवस्था होईल.

विट्याची_लेक

आजीला विचारलं. म्हणाली, "येते. पण शेवटचं तू अजून सांगितलं नाहीस, ते आधी पुरं कर." आज रात्रीपासून पुढचं सुरू करतेय.